रेडिएटरला पडलेली छिद्रे

१७ एप्रिल

आज सकाळी दीक्षाला पोहण्याच्या वर्गातून घरी आणताना इंदोरा चौकाच्या सिग्नलवर तापमानाचा काटा लाल पट्टीत शिरला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, बॉनेट उघडले; रेडिएटरचे झाकण मात्र उघडले नाही. तापलेले झाकण उघडणे म्हणजे दाबाखाली उकळणाऱ्या पाण्यापुढे स्वतःचे तोंड नेऊन ठेवणे. तंत्रनिकेतनाच्या मोटार विभागात पहिल्याच तासाला हे वाक्य मी विद्यार्थ्यांकडून उभे राहून म्हणवून घेत असे. आज फुटपाथवर दीक्षाकडूनही म्हणवून घेतले. तिने म्हटले, पण तिचे लक्ष नव्हते. चौकाच्या थोडे आधी डावीकडून एक सायकलवाला एकाएकी उगवला होता आणि ती किंचाळली होती. त्याच धक्क्यात ती होती. या शहरात हल्ली डावीकडून कोणीही, केव्हाही येतो. शिस्त म्हणून उरली नाही.

दीक्षा माझी नात. अंकुश, म्हणजे माझा मुलगा आणि तिचा बाप, मौद्याला वीज केंद्रात पाळ्या करतो. सून मेघा बँकेत जाते. म्हणून उन्हाळाभर दीक्षाला तरणतलावावर नेणे-आणणे माझ्याकडे आहे. निवृत्तीनंतर या घरात माझी कोणी वाट पाहत असेल असे हे एकच काम उरले आहे. सकाळी ती पिशवी घेऊन माझ्याआधी गाडीपाशी उभी असते. हे काम मी सोडणार नाही.

"गाडी तापते" हे निदान नव्हे. ती तक्रार आहे. उद्या क्रमाने तपासणी करीन.

१८ एप्रिल

थंड इंजिनावर तपासणी केली. माझी पत्नी प्रेमलता अंगणात वाळवण घालत होती; तिला बोलावून समजावून सांगितले, कारण दुसऱ्याला सांगितल्यावाचून स्वतःचा विचार नीट लागत नाही, असा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

इंजिनात उष्णता निर्माण होणारच. ती बाहेर कशी जाते, हा खरा प्रश्न. पाणी इंजिनातून उष्णता घेते, रेडिएटरमध्ये येते, हवेला देते आणि पुन्हा आत जाते. तेव्हा गाडी तापली तर पाणी कमी आहे, किंवा ते फिरत नाही, किंवा त्याला हवा मिळत नाही, किंवा सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतो आहे. एकेक शक्यता पुराव्याने खोडायची. पंखा योग्य वेळी सुरू होतो. वरचा पाइप एकदम गरम होतो, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो. तोंडाशी बुडबुडे नाहीत, तेलात दुधाळपणा नाही. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. उरले पाणी. हातपंपाने दाब दिला तेव्हा खालच्या टाकीच्या सांध्यातून थेंब आला. तिथे हिरवट पापुद्राही धरला होता. किती सुंदर, निःसंशय खूण!

प्रेमलता आज कधी नव्हे ते खाली वाकून पाहत होती.

"अन् ह्या जाळीतून नाही गळत?" तिने विचारले.

"जाळी नव्हे, नळ्या आणि पाती. पाती कागदासारखी, नळ्या त्याहून फार जाड नाहीत. गोधडी शिवायचे दाभणसुद्धा आरपार जाईल."

"मग गाडी रस्त्यातच बंद पडते? लेकरू आत असलं तर?"

इतक्या वर्षांच्या संसारात तिने विचारलेला हा पहिला खरा तांत्रिक प्रश्न. मी तिला सांगितले की एवढ्याशा छिद्रातून पाणी रात्रभर सावकाश झिरपते. सकाळी पातळी पाहणाऱ्या चालकाला ते निघण्यापूर्वीच कळते. न पाहणाऱ्याची गोष्ट वेगळी.

"तुम्ही तर रोज पाहताच," ती म्हणाली.

"रोज."

"झाकण उघडून?"

"थंड असताना, झाकण उघडून."

तिने मान हलवली आणि वाळवणाकडे गेली. मला अतिशय समाधान वाटले.

२१ एप्रिल

रेडिएटर काढून ताराचंदकडे नेला. हा माझाच विद्यार्थी. कमाल चौकापलीकडे त्याचे दुकान आहे. त्याने सांधा साफ करून कथिलाचा डाग दिला. काम चांगले केले, मात्र तोंडाने काहीतरी भलतेच चालले होते.

"सर, डाव्या बाजूचा फेंडर लय घासला. आरसाही गेला."

"उभ्या गाडीला लोक घासून जातात."

"हो सर. सर, तुम्ही एकदा डोळे दाखवून याना."

मी समोरच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचून दाखवली: 'बॅटरी सर्व्हिस'. एवढ्या अंतरावरून, चष्म्याशिवाय.

"सर, त्याच्या आंधी अजून एक शब्द हाय."

"मालकाचे नाव असेल. मी जाहिराती वाचत नाही. तू तुझा डाग पाहा."

तो "हो सर" म्हणाला. माझ्यासमोर तो आजही स्टुलावर बसत नाही.

रेडिएटर परत बसवला. काटा बरोबर मध्यावर. उद्यापासून दीक्षा पुन्हा माझ्यासोबत.

२२ एप्रिल

गाडी उत्तम चालली. बाकी दिवस चिडचिडीत गेला. वर्तमानपत्रातल्या ओळी हल्ली मधूनच सुरू होतात; संपादन नावाची गोष्ट राहिलेली नाही. जेवताना ताटात चटणी नव्हती. मी तसे म्हणालो तर प्रेमलतेने ताट अर्धे फिरवले आणि चटणी, लिंबू, कोशिंबीर समोर आली. ताटाची डावी बाजू डावीकडेच वाढावी, एवढेही आता सांगायचे काय? ती म्हणाली, "डावीकडंच वाढली होती." मग दारात उभ्या मेघाकडे तिने पाहिले. मेघा आत गेली. सुनेकडे तिचे असे पाहणे मला आवडले नाही.

अंकुशने फोनवर पुन्हा डिसेंबरातल्या त्या गरगरण्याचा विषय काढला. एक दिवस डोके फिरले, झोपलो, उतरले. मी त्याला विचारले, तुझ्याकडे काही मोजमाप आहे का? या घरात मताला किंमत नाही, मोजमापाला आहे.

२५ एप्रिल

सकाळी झाकण उघडले तर पाणी दिसेना. गाडीखाली ओल. दीक्षा पिशवी घेऊन उभी. मेघा तिला स्कूटीवर घेऊन गेली आणि बँकेत उशिरा पोहोचली. परत आल्यावर दीक्षा म्हणाली, "स्कूटीवर हवा छान लागते, आबाजी." लहान मुलांच्या निष्ठेबद्दल मी काही लिहिणार नाही.

सांधा कोरडा होता. ताराचंदचा डाग निर्दोष. पाणी गळत होते ते मधल्या एका नळीतून.

२६ एप्रिल

ताराचंदने ती नळी पाहिली, बोट फिरवले, आणि रेडिएटर पालथा करून ठेवला.

"दगड लागला असंन, सर."

"दगडाने पाती दबतात. इथे एकच पात वाकले आहे."

"बारीक दगड असंन."

पुन्हा डाग. पुन्हा दाबाची चाचणी. मी त्याला विचारले की तुझा उत्साह कुठे गेला? विद्यार्थी असताना तू कारण सापडेपर्यंत घरी जात नव्हतास. तो म्हणाला, "कारण सापडलं तर सांगावं लागते, सर." हे काही उत्तर नव्हे.

३० एप्रिल

पुन्हा छिद्र. त्याच उंचीवर, आधीच्या जागेपासून चार बोटांवर. दीक्षा पुन्हा स्कूटीवर. आज तिने पिशवी घेऊन माझी वाट पाहिलीही नाही. ती सरळ मेघापाशी जाऊन उभी राहिली.

दुपारभर, ऊन अंगणातून भाजत येत असताना, भिंग घेऊन बसलो. आता लिहितो ते पूर्ण विचाराने लिहितो. छिद्राची कड आत वळलेली आहे. म्हणजे वस्तू समोरून आली. छिद्र गोल आणि निमुळते आहे. म्हणजे टोकदार, बारीक, हाताने दाबलेली वस्तू. दोन्ही छिद्रे ग्रिलच्या एकाच फटीसमोर येतात. म्हणजे माणूस उकिडवा बसून हात आत घालतो. कंपनाने, गंजाने किंवा दगडाने हे होत नाही. हे कोणीतरी केलेले आहे.

शुद्ध तर्काने इथवर येण्याचा आनंद झाला, हे नाकारत नाही. त्यानंतर मात्र प्रश्न उरला. माझ्या गाडीने कोणाचे काय बिघडवले आहे?

१ मे

उत्तर समोर होते. शेजारचे रुपराव. गाडी फाटकाजवळ लावण्यावरून त्यांचे माझ्याशी दोन महिने बोलणे नाही. त्यांचे अंगण आमच्या फाटकाला लागून, आणि पहाटे उठून झाडांना पाणी घालण्याची त्यांना सवय. संधी, कारण, वेळ, सर्व जुळते.

मी त्यांना फाटकावर बोलावले आणि शांतपणे छिद्रांची रीत समजावून सांगितली. चार लोक जमले.

"मास्तर, तोंड सांभाळून बोलजा," रुपराव ओरडले. "मले तुमच्या डबड्याले भोकं पाडाची का गरज? थे तं आपोआपच पडून राहिलं!"

लोक हसले.

"आपोआप पडलेल्या छिद्राची कड आत वळत नाही."

"कड गेली चुलीत! माया गमला फोडला तुमीनं मागच्या महिन्यात, मी बोललो का कोनाले?"

"कोणती कुंडी?"

"पाहा गा!" ते लोकांकडे वळले. "फोडला अन् दिसलाबी नाही! सिमेंटचा गमला, एवढा मोठा. गाडीनं उडवला अन् राजावानी निंगून गेले."

मी त्यांना सांगितले की उद्या सकाळी रेडिएटर घेऊन पोलीस ठाण्यात जाईन आणि त्यांचे नाव देईन. घरात आलो तेव्हा प्रेमलता दाराआड उभी होती. तिने सर्व ऐकले होते.

२ मे

लिहायला हात वळत नाही, तरी क्रमानेच लिहितो.

सकाळी मी रेडिएटर कापडात गुंडाळत होतो. प्रेमलता समोर येऊन बसली.

"रुपरावभाऊचं नाव नका देऊ. थे मी केलं."

मला वाटले ती भांडण मिटवायला बोलते आहे. मी म्हणालो, कशाने केलेस ते सांग. तिने गोधड्यांच्या पेटीतून दाभण आणून माझ्यासमोर ठेवले. मी ते छिद्रात घालून पाहिले. बसले.

"दोन्ही?"

"दोन्ही. सांधा तेवढा आपोआप गेला होता. त्याच दिवशी तुम्ही मले शिकवलं."

"काहून?" 'का'ऐवजी हा गावाकडचा शब्द माझ्या तोंडून गेला; शिकवायला लागल्यापासून मी तो टाकला होता.

"तुमाले डावीकडचं दिसत नाही म्हणून. दीक्षीनं मले सांगितलं, सायकलवाला समोर आला तरी आबाजी गाडी चालवतच राहिले. मी डोळे दाखवा म्हटलं, तुम्ही पुरावा मागितला. अंकुश बोलला, त्याले मोजमाप विचारलं. मेघा सून हाय, थे काय बोलन? ताराचंदनं पहिल्याच भोकाले ओळखलं, पण थो तुमच्यासमोर बसूही शकत नाही. ह्या घरात मानसाचं ऐकून घेत नाही तुम्ही. गाडीचं घेता. म्हणून म्या गाडीले बोलाले लावलं."

"आणि रस्त्यात गाडी पेटली असती तर?"

"तुम्हीच म्हटलं ना, पाहणाऱ्याले सकाळीच कळते? तुम्ही पाह्यल्याशिवाय निंगत नाही. तेवढा भरोसा हाय मले तुमच्यावर."

मी उठलो. मी तिला मन लावून शिकवले आणि तिने ते माझ्याविरुद्ध वापरले. माझ्या सुनेला माहीत, माझ्या मुलाला माहीत, माझ्या विद्यार्थ्याला माहीत. सर्वांनी मिळून मला एका सडक्या नळीमागे फिरवले आणि मी त्यांना उत्साहाने समजावत राहिलो. मी भिंग घेऊन उन्हात बसलो होतो तेव्हा ही बाई मला ताक आणून देत होती.

मला सर्व दिसते. मी आत्ता ही ओळ लिहितो आहे, ती दिसते.

४ मे

ताराचंदकडे गेलो नाही. दुसऱ्या दुकानातून नवा रेडिएटर आणला आणि एकट्याने बसवला. उकाड्याने जीव कासावीस झाला. कोणाला हाक मारली नाही. पाणी आणि कूलंट योग्य प्रमाणात भरले, हवा काढली, इंजिन तापू दिले. पंखा सुरू झाला, थांबला, सुरू झाला. काटा मध्यावर स्थिर. गाडी संपूर्ण निर्दोष आहे. ग्रिलच्या आतून बारीक तारेची जाळी लावली. दाभण जाणार नाही.

जेवणाच्या वेळी सर्वांना सांगितले: उद्या दीक्षाला मी नेईन. गाडीत दोष असेल तर आत्ताच दाखवा. मेघाने प्रेमलतेकडे पाहिले. अंकुश सुट्टीवर आला होता, तो म्हणाला, "बाबा, दोष गाडीत नाही ना." मी म्हणालो, मग प्रश्नच मिटला.

प्रेमलता म्हणाली, "जाऊ द्या त्याईले."

५ मे

सकाळी पाणी पाहिले, बॉनेट लावले. दीक्षा मागच्या आसनावर बसली. अंकुश आणि मेघा ओट्यावर उभे होते. प्रेमलता दिसली नाही. रुसून स्वयंपाकघरात बसली असेल, असे धरून चाललो. इंजिन सुरू केले. काटा, तेलाचा दिवा, पाठीमागचा आरसा, उजवीकडे ओटा, समोर फाटक उघडे. मी सर्व पाहिले. पहिला गिअर टाकला. क्लच सोडू लागलो आणि गाडी हलली.

बॉनेटवर थाड्दिशी हात आपटला.

ब्रेक दाबला. इंजिन बंद पडले. मान पूर्ण डावीकडे वळवली तेव्हा मला प्रेमलता दिसली. डाव्या दिव्यासमोर उभी होती. लुगड्याच्या निऱ्या बंपरला लागल्या होत्या. दोन्ही हात बॉनेटवर.

"कधी आलीस तू इथे?"

"तुम्ही बॉनेट लावलं तवापासून इथंच हाय. तुमच्या समोरून आली."

अंकुश ओट्यावरून धावत येत होता. त्याला हे ठाऊक नसावे. मी काहीतरी म्हणणार होतो. की गाडीच्या नाकाआड उभे राहिले तर कोणालाही दिसत नाही. तेवढ्यात मागून दीक्षा बोलली.

"आबाजी, आजी तिथंच होती. मला वाटलं, तुम्हाला दिसते."

काटा मध्यावर होता. किल्ली काढून अंकुशच्या हातात दिली.

त्यानंतर दुपारी मी अंकुशला समोर बसवले, नजर त्याच्या नाकावर ठेवली आणि मेघाला डावीकडून पेन आत आणायला सांगितले. पुनःपुन्हा केले. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. प्रत्येक वेळी पेन अंकुशच्या नाकापाशी येऊन एकदम उगवते. त्याआधी अंधार दिसतो असे नाही. काहीच नसते, आणि काही नसल्याचे कळतही नाही. ही बाब विलक्षण आहे. वर्गात शिकवण्यासारखी आहे.

८ मे

डॉक्टरांकडे जाऊन आलो. डिसेंबरात मेंदूत लहानसा रक्तपुरवठ्याचा अडथळा झाला होता. दोन्ही डोळे चांगले आहेत. डावीकडचे पाहिलेले समजणारा मेंदूचा भाग गेला आहे. तो परत येईल असे त्यांना वाटत नाही. मी त्यांना बरेच प्रश्न विचारले. त्यांनी चित्र काढून उत्तम समजावले. माणूस चांगला शिक्षक झाला असता. गाडी चालवायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले. एकदा पुरे होते.

येताना रुपरावांच्या फाटकावर थांबून क्षमा मागितली. "जाऊ द्या मास्तर," ते म्हणाले, "गमला फुटला, बाई वाचली." त्यांचे हे बोलणे मला फार लागले. त्यांना तसे लावायचे नव्हते, असे वाटते.

प्रेमलतेशी मी बोलत नाही. ती बरोबर होती, एवढ्याने ते शक्य होत नाही. तीही बोलत नाही. ताट वाढते आणि चटणी आता उजव्या हाताशी, भाजीच्या शेजारी ठेवते. मी खातो.

११ मे

मेघा गाडी शिकते आहे. अंकुश शेजारी बसतो. मी पाणी पाहून देतो, एवढेच. आज झाकण उघडून उभा होतो तेव्हा दीक्षा पिशवी घेऊन आली.

"आबाजी, त्या दिवशी आजीनं हात नसता मारला तर?"

मी तिला समजावू लागलो. पहिल्या गिअरमध्ये गाडीचा वेग कमी असतो पण जोर सर्वांत जास्त असतो. क्लच सुटायला लागणारा वेळ, आजी आणि बंपर यांतले अंतर... ती नीट ऐकत होती. मधेच तिने विचारले,

"म्हणजे गाडी आजीवर गेली असती?"

"हो."

"अन् तुम्हाला ती दिसत नाही, हे आजीला माहीत होतं?"

"हो."

"तरी उभी राहिली?"

"हो."

"काहून?"

झाकण फिरवून घट्ट बसवले. ते बसले होते, तरी पुन्हा एकदा फिरवले.

"आजीला विचार," मी म्हणालो.

"विचारलं," दीक्षा म्हणाली. "ती म्हणाली, आबाजीले विचार."